पोरीची झडती

आमच्या गावच्या पोळ्यात टाळी वाजवत नाहीत. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण टाळ्यांवर जन्म काढलेल्या बाईनं असं काही म्हटलं की लोकांना वाटतं, आता हिचे नखरे सुरू झाले. नखरे मी भरपूर केलेत, तेही सांगेन. पण पोळ्याचं तसं नाही. गावाबाहेर ढोरं जमतात त्या मोकळ्या जागेला आम्ही आखर म्हणतो. तिथं पोळ्याच्या दिवशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याच्याखाली सजवलेल्या बैलजोड्या ओळीनं उभ्या राहतात, आणि एकेक गडी आपल्या जोडीचा कासरा हातात धरून पुढे येऊन झडती म्हणतो. झडती म्हणजे चार ओळींचं यमक. देव तिच्यात शेवटी येतो, आधी सगळी टिंगल असते, शेजाऱ्याची, पुढाऱ्याची, पावसाची, जो सापडेल त्याची. टिंगल करून झाली की तो गडी ओरडतो, 'एक नमन गौरा पारबती, हर बोला...' आणि सगळं आखर एका तोंडानं म्हणतं, 'हर हर महादेव!' हा महादेव मिळाला तर झडती गावानं धरली. नाही मिळाला तर ती पडली.

यंदा कित्येक वर्षांनी मी पोळ्याला गावी गेले. कामरगावच्या अलीकडे आमचा फाटा आहे, तिथून आत वळलं की दोन्ही बाजूंना हिरवंगार सोयाबीन. वेशीशी गाडी थांबली, मी दार उघडलं आणि हिंगुळाचा वास आला. शिंगांना लावायचा लाल हिंगूळ, तेलात खललेला. त्याच्या मागोमाग दारोदारी टेकवलेल्या पळसाच्या डहाळ्यांचा ओला, तुरट वास, कुठल्यातरी चुलीवर शिजणारं पुरण, आणि नदीवर घासून धुतलेल्या बैलाच्या अंगाला येतो तो उबदार वास. जगात कुठल्या अत्तराच्या बाटलीत हे भरलं असेल तर मला सांगा, मी आत्ता विकत घेते. ड्रायव्हर विचारत होता, मॅडम, बॅग कुठं ठेवू, आणि मॅडम तिथं दाराला धरून नुसत्या नाक वर करून उभ्या.

आमचं भाजीचं वावर होतं. विहिरीला लागून मेथी, पालक, सांभार, पलीकडे वांगी आणि मिरच्या. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो, मुंबईत पहिल्यांदा मी दुकानदाराकडे सांभार मागितला तेव्हा त्यानं मला हॉटेलात पाठवलं होतं, ते जाऊ द्या. संध्याकाळी उपटलेल्या भाजीच्या जुड्या बांधायला आम्ही अंगणात बसायचो. मी, माय, बाबा आणि शेजारची शकू. शकू माझ्याच वयाची, नाकात कायम शेंबूड आणि तोंडात कायम उत्तर. जुड्या बांधताना आमचा एक खेळ होता. एकानं एक ओळ म्हणायची, आणि दुसऱ्यानं हातातली जुडी बांधून खाली ठेवायच्या आत तिला यमक जुळवून दुसरी ओळ म्हणायची. ज्याचं अडलं त्यानं उठून विहिरीवरून पाणी आणायचं. शकू आणि मी एकमेकींच्या आईबापापर्यंत पोचायचो, आणि माय म्हणायची, तोंडं आवरा, नाहीतर सांभारासंगं तुमच्याही जुड्या बांधून कारंज्याच्या बाजारात धाडते. हाताला मेथीचा वास बसायचा तो सकाळी शाळेतसुद्धा जायचा नाही. पाटीवर, पुस्तकावर, सगळीकडे मेथी.

सकाळी पहिल्या गाडीनं माय कारंज्याला जायची, कधी मलाही न्यायची. यष्टीच्या टपावर टोपल्या, त्यांच्यावर ओलं पोतं. बाजारात माय जी हाक मारायची ती अजून माझ्या कानात आहे. पुढे मोठमोठ्या गुरूंनी मला श्वास कुठून घ्यायचा ते शिकवलं, मी मान डोलावली, पण श्वास मी मायकडून शिकले होते, पालकाच्या ढिगामागं बसून.

बाबांचा आवाज बारीक होता, आणि झडती म्हणायची हौस मात्र मोठी. त्यांना यमक सुचायचं नाही. ते मला सुचायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं आणि त्यांच्या कानाशी जाऊन दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं, तेव्हाच बाबा मलाही गोठ्यात बोलवायचे. मी रचलेली झडती म्हणून दाखवायची, ते ओठातल्या ओठात घोकायचे. दुसऱ्या दिवशी आखरावर ती त्यांच्या तोंडून निघायची. बायकापोरी उभ्या राहायच्या मारुतीच्या ओट्यावर, लांब. तिथून मी ऐकायची. 'हर हर महादेव' असा गजर उठला की माझ्या पायांना मुंग्या यायच्या. माझंच आहे हे, असं मी शकूच्या कानात सांगायची, आणि शकू म्हणायची, माईत हाय मले, कायले फुगून राह्यली?

गावात सगळ्यांत मोठी शेती शामरावांची. मानाची जोडीही त्यांचीच, तोरणाखाली पहिली तीच जायची. शामरावांचा आवाज नदीपलीकडे ऐकू जाई, आणि ते बोलले की गावात त्यावर कोणी बोलत नसे. वाईट माणूस नव्हता. आमच्याकडून वांगी न्यायचे तर टोपलीभर नेऊन वर मायची चौकशी करायचे. त्या वर्षी त्यांनी कपाशी लावली ती अगदी धुऱ्यापर्यंत, म्हणजे दोन वावरांच्या मधल्या गवताच्या बांधावरसुद्धा. गावच्या गायींना चरायला जागा उरली नाही. सगळे घरात बडबडायचे, तोंडावर कोण म्हणणार? तोंडावर म्हणायला तर पोळा असतो. मी झडती रचली. बाबांनी ऐकली आणि गोठ्यात मोठ्यानं हसले. मग म्हणाले, पाहा बरं, लय तिखट झाली. पण घोकली.

आखरावर बाबा पुढे झाले. मी ओट्यावर, पुढच्या रांगेत. त्यांनी सुरुवात केली.

'मोठ्या घरची कपाशी आली धुऱ्यावर चढून,
गवताची काडी काडी नेली तिनं ओढून,
मालक जेवे खीर-पुरी, गाय मरे उपाशी...'

आणि थांबले. समोर शामराव उभे होते, मिशीवर हात ठेवून. बाबा विसरले की घाबरले ते मला आजही माहीत नाही. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला राहवलं नाही. ओट्यावरून मी जेवढा होता तेवढा आवाज काढून ओरडले,

'गाय मने मालका, आता दूध मांग कपाशीपाशी!
एक नमन गौरा पारबती, हर बोला...'

आणि काहीच नाही. कोणीच काही म्हणालं नाही. एवढं मोठं आखर, एवढी माणसं, आणि फक्त बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजत होत्या. सगळे शामरावांकडे बघत होते. शामराव रागावले नाहीत, उलट हसले, आणि म्हणाले, "पोरीची झडती हाय. धरू नका."

पुढची जोडी आली. पुढची झडती झाली. गजर झाला. मला कोणी रागावलं नाही, हे विशेष. रागावले असते तर मी भांडले असते, भांडणात मी कधी मागे नव्हते. त्या संध्याकाळी मायनं माझ्या ताटात जास्तीची पुरणपोळी वाढली, आणि ती मी खाल्लीसुद्धा. पण बाबांनी त्यानंतर कधी झडती म्हटली नाही. दर पोळ्याला जोडी सजवायचे, तोरणाखाली नेऊन उभी करायचे, आणि परत आणायचे. लोक विचारायचे, काहून जी, यंदाही नाई? ते म्हणायचे, घसा धरला हाय. एवढी वर्षं धरलेला घसा मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

मग पुढचं सगळं झालं. कसं झालं ते विचारू नका, मलाच धड सांगता येणार नाही. शाळेचं गॅदरिंग होतं, केनवडला मावशीच्या लग्नात मंगलाष्टकं होती, कॉलेजात असताना कारंज्यातल्या एका ऑर्केस्ट्रात मी गायले, तिथल्या माइकला गंजाचा वास यायचा आणि तो ओठाला लागला की झटका बसायचा. त्या झटक्याचीही मला सवय झाली. आणि मग एके दिवशी मी मुंबईत, गालिच्याच्या नव्या वासाच्या एका गार खोलीत, कानांवर हेडफोन लावून उभी होते, आणि काचेपलीकडून कोणीतरी म्हणत होतं, जरा झणझणीत हवं.

झणझणीत! मला म्हणत होते!

ते गाणं म्हणजे 'छकडा'. कॅसेटचा जमाना संपत होता आणि सीडीचा सुरू झाला होता, मराठीत पॉप गाणी येत होती, आणि मी त्यात सापडले. व्हिडिओत मी कातडी जाकीट घातलं होतं, पुढून मोठा पंखा लावून केस उडवले होते, आणि छकड्याला म्हणजे बैलगाडीला जे बैल जुंपले होते त्यांना सेटवर आणल्यापासून खायला गाजरं घालत होते. बैलाला गाजरं! मी सांगून पाहिलं, ऐकतो कोण? पण गाणं चाललं. काय चाललं हो! गणपतीत, वरातीत, पानठेल्यावर, यष्टीत. कारंज्याच्या बसस्टँडवर मी उतरले की रसवंतीवाला मुद्दाम तेच लावायचा आणि पोरं छपरावर चढायची. हे सांगताना मी लाजेन असं कोणाला वाटत असेल तर तसं काही होणार नाही. मला फार फार मजा आली. नागपूरच्या मैदानावर माझ्या तोंडून पहिला शब्द निघायच्या आधी लोकांनी पुढची ओळ म्हटली, तेव्हा मी गायचं सोडून नुसती हसत उभी राहिले होते.

गाणं बाबांना ऐकवलं ते मळ्यात, धाकट्या भावाच्या टेपवर. त्यांनी विहिरीच्या काठावर बसून पूर्ण ऐकलं. परत लावायला सांगितलं, परत ऐकलं. मग म्हणाले, "गानं चांगलं हाय बेटा. पन हे तुया तोंडातलं नाई."

मला राग आला. लोक डोक्यावर घेतात आणि बापाला हे दिसतं? मी फणकारून काहीतरी बोलले. गाणं लिहिलं होतं दुसऱ्याच माणसानं, चांगला माणूस होता, त्यानं आयुष्यात छकडा पाहिला नव्हता एवढंच.

पॉपची हवा ओसरली तशी मी सिरियलीत गेले. तिथं मी जाऊबाई होते, मोठी जाऊ, सोन्यानं मढलेली आणि अंतःकरणानं काळी. घरातल्या नव्या सुनेच्या दुधात विष कालवायचे, तिच्या नावानं खोट्या गोष्टी पसरवायचे, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कॅमेऱ्याकडे बघून एक भुवई वर करायचे. ती भुवई फार गाजली. सेटवर दिव्यांखाली गरम झालेल्या मेकअपचा, शिळ्या चहाचा आणि डोळ्यांत घालायच्या ग्लिसरिनचा मिळून एक वास असतो, तो अजून आठवला की मला डायलॉग सुचतात. मायला मात्र त्या सिरियलीचा फार त्रास झाला. बाजारात बायका भाजी घेता घेता तिला म्हणायच्या, अवं, तुया पोरीले सांग नं, त्या गरीब सुनेले काहून छळून राह्यली? माय आधी समजवायची, मग कंटाळून म्हणायची, सांगतो, आजच सांगतो. एक बाई तर मायकडून चार महिने भाजीच घेईना. माझी कारकीर्द काय उंचीला पोचली होती ते त्यावरून ओळखा.

आणि मग वय वाढलं, भुवई उचलली की कपाळाला आठ्या पडायला लागल्या, आणि मी निवेदिका झाले. सध्याचं माझं रूप ते. पैठणी, अंबाडा, हातात माइक, गावोगावच्या स्वयंपाकघरांत जायचं, बायकांच्या हातचं खायचं आणि अहाहा म्हणायचं. हे कामही मला आवडतं. लोकांना बोलतं करायला मला येतं. आधीची दोन आयुष्यं लोक हळूहळू विसरत आले होते, या कामानं मी पुन्हा घराघरांत गेले, आणि या वेळी शिव्या न खाता गेले. आजही रस्त्यानं चालले की म्हाताऱ्या बाया गालाला हात लावतात. असं तीनदा उगवायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं, ते माझ्या नशिबी आलं, आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

बाबा एकदा शूटिंग बघायला आले होते, अकोल्याला होतं तेव्हा. कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, टोपी मांडीवर. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, कानात ते काय घातलं हाय? मी सांगितलं, बाबा, त्याच्यातून एक माणूस मला सांगतो, आता हसा, आता पुढचा प्रश्न विचारा, आता ब्रेक घ्या. बाबा खूप हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आणि मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "मंग तू कधी बोलशीन?"

त्या थंडीत बाबा गेले. मी आयुष्यभर बोलले ते सगळं दुसऱ्यांचं. आधी गीतकाराचे शब्द, मग लेखकाचे, मग कानातल्या माणसाचे. माझे स्वतःचे शब्द मी तोंडानं जाहीर एकदाच म्हटले होते, आणि ते गावानं धरले नव्हते. हसू नका, पण एवढी बक्षिसं, एवढे सत्कार झाले, तरी पोळ्याचा दिवस आला की मी जिथं असेन तिथं माझा जीव खाली-वर व्हायचा. गावात मात्र त्या दिवशी जायचे नाही. काम आहे म्हणायचे.

यंदा सरपंचाचा फोन आला. तरुण पोरगा आहे, मला आत्या म्हणतो. म्हणाला, आत्या, पोयाले या. तुमी एक झडती म्हना. गावाले लय आनंद होईन. मी हो म्हटलं.

आखर आता लहान वाटलं. मी मोठी झाले म्हणून असेल, किंवा कडेनं टिनपत्र्यांची घरं आली म्हणून. जोड्या कमी झाल्यात. त्यांची जागा ट्रॅक्टरांनी घेतली आहे, त्यांनाही झुली घातल्या होत्या, बोनेटवर फुगे बांधले होते. तोरणाच्या बाजूला स्टेज. स्टेजवर माझा एवढा मोठा फोटो की मीच दचकले. टॉवेल टाकलेली खुर्ची, हार, नारळ, शालीची चकचकीत पिशवी, आणि डीजेवर 'छकडा'. बायका अजूनही मारुतीच्या ओट्यावरच होत्या. शामराव तोरणाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, हातात काठी. खूप म्हातारे झालेत. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं की नाही ते कळलं नाही.

मला माइक दिला आणि माझ्या तोंडून निघालं, 'नमस्कार मंडळी!' सवय हो, काय करणार? मग मी झडती म्हटली. गाडीत येताना रचली होती, घासूनपुसून. गावची माती, मायबापाची पुण्याई, बैलांचे उपकार, सगळं होतं तिच्यात. वृत्तात होती. छापायला छान होती. तिच्यात टिंगल कोणाचीच नव्हती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. शेवटी मी म्हटलं, 'एक नमन गौरा पारबती, हर बोला...' आणि माइक पुढे केला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कडकडून वाजवल्या. मोबाइल वर झाले, पोरांनी शिट्ट्या मारल्या, सरपंचानं 'वा आत्या वा' म्हटलं. जिथं टाळी वाजत नाही तिथं माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. पाहुणी आली आहे, तिचा मान ठेवा, असं चाललं होतं. लहानपणी निदान पोरगी तरी होते त्यांची.

सरपंच शालीची पिशवी उघडायला लागला. मी म्हटलं, थांब रे. माइक त्याच्या हातात दिला, चपला तिथंच सोडल्या आणि स्टेजवरून खाली उतरले. भावाची जोडी तोरणाखाली उभी होती, तिच्याजवळ जाऊन बैलाच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती, थरथरत होती. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. समोर एक लालभडक ट्रॅक्टर होता, त्याच्या दिव्यांवर लाल फुगे. तोंड आपोआप उघडलं, जसं जुडी हातात असताना उघडायचं.

'टॅक्टरच्या तोंडाले बांधला फुगा लाल,
बैल मने बापा, याची कोनती चाल?
खाते डिझल, सोडते धूर, देत नाई शेन,
नाकच नाई बापाले, कुठी घालता वेसन?
एक नमन गौरा पारबती, हर बोला...'

काही नाही. घुंगरमाळा वाजल्या. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. हसू आलेलं दिसत होतं त्यांच्या तोंडावर, पण हसायचं की नाही, महादेव म्हणायचा की नाही, हे कोणालाच ठरवता येईना. एवढ्या मोठ्या बाईनं आपल्या ट्रॅक्टरची टिंगल केली म्हणजे आता काय करायचं? मी तिथं उभी राहिले. खरं सांगते, मला रडू येत होतं.

आणि मारुतीच्या ओट्यावरून, पार मागून, एक आवाज आला. घोगरा, खणखणीत, आयुष्यभर बाजारात हाका मारून कमावलेला. शकू, गावातच दिलेली, मायसारखीच भाजी विकणारी. लाल ट्रॅक्टर तिच्या मुलाचा होता, हे मला नंतर कळलं.

'छकड्याचं गानं गाऊन झाली मोठी बाई,
छकड्यावर बसाची हिची हिंमत झाली नाई,
टीवीमंदी सुनेच्या दुधात कालवे जहर,
घरी चहा मांडला त लागे तीन पहर!
एक नमन गौरा पारबती, हर बोला...'

ओट्यावरून बाईमाणसाची झडती, तीही पाहुणीच्या अंगावर. आणि मग कोणाला तरी आवरलं नाही, एक हसला, दहा हसले, आणि सगळं आखर फुटलं. 'हर हर महादेव!'

महादेव शकूला मिळाला होता. मी हरले होते, भर गावात, तोरणाखाली. आणि माझ्या पायांना मुंग्या आल्या. मला उत्तर मिळालं होतं! माझी झडती कोणीतरी अंगाला लावून घेतली होती, तिच्यावर चिडलं होतं, मला उलट मारलं होतं. हे पाहुण्याला मिळत नाही. आता मी काय गप्प बसते? शकू ओट्यावर पदर खोचून उभी होती, तोंडात उत्तर असल्याचं तेच तोंड. मी दोन्ही हात कमरेवर ठेवले.

'मले पाहाले टीवीपुढं शकू मांडे ठान,
चुलीवरच्या भाजीचं तिले नाई भान,
माहं जहर साखरपानी, सून जगली बरी,
हिची करपली भाजी खाऊन नवरा पडला घरी!
एक नमन गौरा पारबती, हर बोला...'

शकूचा नवरा आपल्या जोडीजवळ उभा होता. तो कासरा सोडून कपाळावर हात मारून घेत म्हणाला, खरं हाय, खरं हाय. आणि गजर उठला. 'हर हर महादेव!' जोड्यांजवळच्या माणसांकडून उठला, ओट्यावरच्या बायकांकडून उठला, बैल कान टवकारून मागे सरले, तोरणाची पानं हलली की मला तसं दिसलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. नागपूरचं मैदान याच्यापुढे काहीच नव्हतं. बाबा, मी बोलले. ऐकलं का? माझ्याच तोंडानं बोलले, आणि धरलं यांनी.

गजर खाली बसला तसा सरपंच बिचारा कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे पुढे आला. शाल उलगडली, नारळ उचलला, माइकवर म्हणाला, आता आपल्या लाडक्या पाहुण्यांचा सत्कार गावातले ज्येष्ठ शामराव काका यांच्या हस्ते. दोघांनी शामरावांना धरून उठवलं. ते काठी टेकत माझ्यासमोर आले. त्यांनी शाल हातात घेतली, तिच्यावर हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं. मग शाल सरपंचाच्या खांद्यावर टाकली.

"शाल पाहुन्याले देते बावा," ते म्हणाले. "हिले कायले?"

आणि माझ्या भावाच्या हातातून बैलाचा कासरा घेऊन त्यांनी माझ्या हातात दिला.